लाल सहा

ओढ्यात गाडी रुतलेली, आणि शेजारी गुडघाभर चिखलात एक तरुण छातीशी पेटी कवटाळून उभा! ब्रॉनीने ट्रॅक्टर थांबवला.

"सोनं आहे का पेटीत?"

"औषध. कॉरिगन यांच्या मेंढ्यांसाठी."

"मग आमचंच. पेटी द्या इकडे, तुमचं तुम्ही बघा!"

तो भिजल्या केसांतून हसला... आणि ब्रॉनीला उगाचच पाऊस आणखी थोडा पडावा असं वाटलं.

कॅलम शहरातल्या प्रयोगशाळेतून आला होता. ब्रॉनीच्या वडिलांच्या मेंढ्यांच्या पोटातले जंत आता कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. पेटीत होतं माणसांच्या वेगळ्याच आजारावरचं एक जुनं औषध. प्रयोगशाळेत त्याने जंत मेले होते. आता दहा मेंढ्यांच्या पाठीवर निळा ठिपका, त्यांना औषध. दहांच्या पाठीवर लाल, त्यांना काहीच नाही. चौदा दिवसांनी सगळ्यांच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजायची.

रोज सकाळी दोघं मेंढ्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघत. गुलाबी म्हणजे ठीक. फिकट म्हणजे जंतांनी रक्त शोषलं.

"मेंढी इकडे आहे हं, कॅलम."

"तुलना करतोय."

"मग? कोण बरी?"

"मेंढी लाजत नाही — एवढाच फरक."

दहाव्या दिवशी ब्रॉनीने बिस्किट नावाच्या मेंढीची पापणी ओढली. पांढरीफटक! बिस्किटला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. चाचणीत ती 'लाल सहा'. फिकट मेंढीला लगेच चाचणीतून काढून उपचार करायचे, हा नियम. पण कालच एक लाल काढली होती, आणि कॅलम म्हणाला होता, "आणखी एक गेली तर चाचणी बाद. मग मला उद्याच परत बोलावतील."

उद्याच...

"लाल सहा?" पलीकडून कॅलमने विचारलं.

"गुलाबी," ब्रॉनी म्हणाली. आणि त्याची पाठ वळताच तिने पेटीतलं औषध बिस्किटला पाजलं.

चौदाव्या दिवशी कॅलमने सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं. "लाल सहामध्ये एकही अंडं नाही. औषधाशिवाय? मग निळ्या ठिपक्यांच्या मेंढ्या औषधानेच बऱ्या झाल्या, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

लेंड्यांच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण त्याचा तो उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"मीच पाजलं. ती मरू नये म्हणून... आणि तू जाऊ नयेस म्हणून."

कॅलमने पेन खाली ठेवलं. "मला खरं सांगितलं असतंस, तर—" त्याने चाचणीच्या नोंदींवर काट मारली. दुसऱ्या दिवशी तो गेला. मेला तो चिखलही नेमका तेव्हाच वाळला होता!

दर महिन्याला ब्रॉनी लेंड्यांच्या बाटल्या तपासणीसाठी टपालाने पाठवी; उलट टपाली अंड्यांचे आकडे येत, खाली त्याची सही. ते आकडे ती पुन्हापुन्हा वाची आणि स्वतःवरच चिडे. कुरणावर हिव पडलं, वितळलं. तिला त्याची आठवण येई, अगदी रोज येई.

ऑगस्टमध्ये आकड्यांखाली एक ओळ आली. 'लाल सहा कशी आहे?'

तिने बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'गुलाबी. तुझी चौकशी करते.'

पुढच्या महिन्यात उत्तर आलं. 'मी फिकट.'

डिसेंबरात, म्हणजे त्यांच्याकडच्या उन्हाळ्यात, पाऊस आला आणि त्याच ओढ्यात तीच गाडी रुतली. ब्रॉनी ट्रॅक्टरवरून उतरली.

"पुन्हा चाचणी," तो म्हणाला. "मोठ्या मिनतवारीने परवानगी मिळाली. या वेळी पेटीला कुलूप आहे."

"बरोबरच आहे," ती खाली बघत म्हणाली.

कॅलमने खिशातून किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे. फक्त कुणी फिकट दिसलं, तर मला खरं सांगायचं."

ब्रॉनीने किल्ली मुठीत धरली. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हळूच त्याची खालची पापणी ओढली.

"फिकट," ती म्हणाली. "खरं सांगतेय."

"मग... चाचणीतून काढणार मला?"

"हो. घरी नेणार."