सुंदराबाईच्या दारापुढं

बंद कर तो मोबाईल, गजेंद्र. गाण्याचा राग नाई बावा मले. उभी जिंदगी क्लॅरनेट फुंकला म्या, अन् तोबी फिल्मी गाण्यायवर. पण हे गाणं या गल्लीत रातच्यानं नोको लावू. काहून म्हणतं? बस मंग. अपेक्षा, तूबी बस माय, दार लोटून घे.

आपला ललित हाय ना, जो आता निसता ढोल वाजवते? तो आपल्या बँडचा गाणारा होता. असा गाये का नवरदेव घोड्यावून उतरून नाचे. त्याले गाण्याचा नाद लावला सुंदराबाईनं. सुंदराबाई म्हणजे वर्षालीची सासू, त्या कोपऱ्यावरच्या घरातली. शाळेचं तोंड नाई पाहिलं तिनं, पण कापूस येचता येचता शंभर गाणे पाठ. अन् निसते बोल नाई, मधलं म्युझिकबी! बासरी कुठी येते, व्हायोलिन कुठी चढते, सारं तोंडानं काढून दाखवे. म्हणे, "बोल त कोनीबी म्हणते रे ललित. मुखडा झाल्यावर जे बासरी वाजते ना, तिथी गाण्याचा जीव राह्यते." लहानपणी हा पोट्टा तिच्या रेडिओपाशीच जेवे अन् तिथीच झोपे.

दोन हजार एकोणीस साल. मे महिन्याची अठरा तारीख, शनिवार, बुद्धपौर्णिमा. पंजाबरावच्या पोराचं लग्न होतं. सुंदराबाई दोन महिन्यांपासून खाटेवर. अकोल्याच्या डॉक्टरायनं घरी घेऊन जा म्हणून सांगतलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ललित भेटाले गेला, त तिनं त्याचा हातच धरला.

"उद्या वरात माह्या दारावून जाईन. माह्यं गाणं म्हणजो. मले आतून आयकू येईन. मंग मी मोकळी."

"म्हणतो मावशी. अंतऱ्यासकट म्हणतो," हा म्हणे.

आता बँडचा अ‍ॅम्प्लिफायर जळलेला. अकोल्याले दुरुस्तीले टाकलेला होता. आमी म्हटलं, "जाऊ दे ना बे, माइकबिगर म्हण." हा आयकते का? मावशीले आतपर्यंत आवाज गेला पायजे, म्हणे. भर दुपारी, कपाळ फुटाच्या उन्हात, टेम्पो घेऊन निघाला. दुरुस्तीवाल्यानं बसवून ठेवलं. वापस आला त रातचे नऊ वाजले होते अन् वरात निघाली होती. तसाच माइक जोडला अन् चालू झाला. दिवसभर गावात काय झालं, काय नाई, त्याले काईच मालूम नोतं.

बँडवाल्यायचा एक कायदा हाय, पोट्टेहो. मयताच्या घरापुढून वरात चालली का वाजवणं बंद. गाणाऱ्यानं हात वर केला का सारे चूप. ते घर पार झालं का मंगच पुन्हा सूर लावाचा. नवरदेव कलेक्टर का असेना.

सुंदराबाईचं घर आलं. ललितनं तेच गाणं उचललं. मुखडा म्हटला. अन् मुखडा संपता संपता त्याले दिसलं का दारात दहाबारा माणसं खाली माना घालून बसलेले हायेत. भितीले हिरवे बांबू टेकवलेले हायेत.

त्याचा हात वर गेला.

आमी सारे चूप. म्याबी क्लॅरनेट खाली केला. मलेबी तसंच वाटलं, खोटं काहून बोलू? घोड्याच्या टापा अन् जनरेटरची घरघर, एवढंच आयकू ये. ललितच्या डोळ्याले धार लागली होती. पन्नासेक पावलं तसेच गेलो, मंग त्यानं दुसरं गाणं घेतलं.

लग्न गावाबाहेर, पंजाबरावच्या वावरात. ललित जेवला नाई. सामान बांधलं अन् सव्वा वाजता एकलाच पायी निघाला. मयतापाशी बसतो, म्हणे.

पुढचं त्यानं मले एकदाच सांगतलं. पुन्हा इचारलं त उठून गेला.

गल्लीत शिरला. टिपूर चांदणं. पण रडणं नाई, माणसं नाई. दार लोटलेलं. ओट्यावर कोणी बसलेलं...

सुंदराबाई.

पाठ भितीले टेकवलेली. पदर डोक्यावून हनुवटीखाली घट्ट गुंडाळलेला.

"मावशी? अवं, तू जित्ती हायेस! मले वाटलं..."

ती पाहून राहिली. मंग हात उचलला. बोटानं खूण केली. म्हण...

याले हसू आलं, रडूबी आलं. तिथीच रस्त्यावर उभ्यानं सूर लावला. माइक नाई, बँड नाई. मुखडा म्हटला. दम घ्याले थांबला...

अन् बासरी चालू झाली.

तिचं तोंड मिटलेलं. ओठ हालत नोते. पण आतून... कुठून तरी आतून... ते मधलं म्युझिक. पुरंच्या पुरं.

ललितनं अंतरा घेतला. थांबला. पुन्हा बासरी. हे लंबी. लय लंबी...

चाळीस वर्षं फुंकून राहिलो मी. वाजवणाऱ्याले दम घ्याच लागते. कोणीबी असो.

तिनं दम घेतला नाई.

ललितच्याबी ध्यानात आलं. पण तोंड थांबेना. दुसरा अंतरा आपोआपच निघून राहिला...

धाडकन दार उघडलं. वर्षाली.

"लाज नाई वाटत का रे तुले? आत माह्या सासूचं मयत पडलं, अन् तू दारात गाणे म्हणून राहिला!"

ललितनं ओट्याकडं पाहिलं.

कोणी नोतं.

मंग वर्षालीनं सांगतलं ते आयका. बांबू होते पंजाबरावच्या मांडवाचे, उरलेले. जागा नाई म्हणून कोणी तरी तिच्या भितीले टेकवले. माणसं आलते तब्येत पाहाले. वरात आली तवा सुंदराबाई जित्ती होती! गाणं आयकू आलं तशी खाटेवर उठून बसली, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मुखडा आयकून हसली. अन् दारापुढं बँड चूप झाला. बँडचा कायदा तिले का मालूम नोता? तिनं सुनेकडं पाहिलं. म्हणे, "मी मेली का वं?"

आडवी झाली. साडेनऊले गेली.

जितेपणी तिच्या दारात आमी मुके झालो, अन् मेल्यावर तो तिथी गायला. आमच्या हातानं मारली आमी तिले, असंच वाटते मले. ललितनं त्या रातीपासून माइक धरला नाई. म्या काई त्याले धर म्हटलं नाई.

आणखी एक हाय. मयताचं तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर चिंधी बांधतात. वर्षालीनं आपल्या हातानं बांधली होती, जुन्या लुगड्याची, दोन गाठी मारून. माणसं समोरच्या विहारात टेकले होते, पण चार बाया रातभर मयतापाशी जाग्या होत्या. कोणी हात लावला नाई. सकाळी आंघोळ घालाले गेल्या, त चिंधी नाई. अन् सुंदराबाईचं तोंड... उघडं. वरच्या सुराले उघडते, तेवढं.

चिंधी बाहेर ओट्यावर पडली होती. म्या सोता उचलली.

दोन्ही गाठी तशाच बांधलेल्या.