पायरीवरची नजर

चौऱ्याण्णव सालच्या एका दुपारी, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या सिद्धरामअप्पांच्या मॅचिंग सेंटरमध्ये एक उंच, सडपातळ पोरगा धापा टाकत शिरला. त्यानं मखमलीचा हिरवा तुकडा काउंटरवर टाकला.

“याला अस्तर पायजे, लगेच! सांजच्याला नाटक हाय.”

काउंटरमागच्या उंच स्टुलावरून अप्पांच्या लेकीनं, दानेश्वरीनं, त्याला नीट न्याहाळलं. “दम खावा की, पावणं. पार्ट राजाचा हाय का चोराचा?”

“राजाचा.”

“मग आधी घाम पुसा.”

तो खळखळून हसला... आणि दानेश्वरीनं अस्तर वीतभर जास्तच कापलं. ते अप्पांच्या लक्षात आलं, तिच्या नाही.

दुसऱ्या दिवशी तो, संगमेश, दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. “बघितलंस न्हवं नाटक? कसा झालो?”

“तलवार झ्याक धरलीस. बोलताना मात्र भाजी विकतोयस असं वाटलं!”

झालं, दोघांच्या गप्पांना तिथून जे तोंड फुटलं ते बंद होईना. संगमेश मुंबईला गेला. मालिका झाल्या, सिनेमे झाले, राज्य पुरस्कारही मिळाला. पण कोल्हापुरात उतरला की आधी अंबाबाई आणि मग ही पायरी. तो पायरीवर, ती स्टुलावर, मधे फॉल-अस्तरवाल्या बायकांची ये-जा. त्याच्या प्रत्येक भूमिकेची चिरफाड इथं व्हायची, आणि दानेश्वरीची एक तक्रार कायम असायची.

“प्रेमाच्या सीनला कुठं बघतोस रं? हिरॉईन एवढीशी, आणि तू तिच्या डोक्यावरनं पंख्याकडं बघतोस!”

“पेपरवाले त्याला स्वप्नाळू नजर म्हणत्यात.”

“म्हणू देत. मला खोटं वाटतंय.”

खरं तर पडद्यावर तो कुणालाही ‘तू माझी’ म्हणाला की तिला पुढचं बघवायचं नाही. इथं येऊन ते कधीच म्हणत नाही, लबाड! वाट बघत तिनं चांगली चांगली स्थळं परतवली होती. पण आता अप्पा थकले होते, आणि तिचा हट्टही.

दोन हजार पाचच्या श्रावणात तो आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, अप्पा आतल्या खोलीत हिशोब लिहीत होते. चहाचे कप घेऊन दानेश्वरी स्टुलावरून उतरली आणि पहिल्यांदाच त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

“रविवारी निपाणीचं पावणं येणार हायती. मला बघायला.”

संगमेशचा कप ओठांशीच थांबला. मग मान वर करून रिकाम्या स्टुलाकडे बघत तो म्हणाला, “नगं... हो म्हणू नगंस.”

दानेश्वरी त्याच्याकडे बघतच राहिली. हीच ती नजर! प्रत्येक सिनेमात हिरॉईनच्या डोक्यावरून जाणारी...

“आरं, मी इथं हाय,” ती हळूच म्हणाली.

“व्हय की... पण इतकी वर्षं तू तिथं वर बसतीस. मनातलं बोलायचं म्हटलं की, कॅमेऱ्यापुढं बी, डोळे तिथंच जात्यात.”

मग त्यानं मान वळवली आणि अगदी जवळून तिच्या डोळ्यांत बघितलं. पुरस्कारवाल्या नटाचे कान लाल झाले.

“बोल की! पाठांतर विसरलास?”

“आज कुणी लिहून दिलेलं न्हाय... दानेश्वरी, माझ्याशी लगीन करशील?”

आता मात्र तिला काहीच खोटं वाटलं नाही. डोळे पुसून तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “अप्पा, निपाणीला फोन करा. येऊ नका म्हणावं!”

आतून अप्पांचा आवाज आला, “मघाशीच केला की. तू चहा घेऊन खाली उतरलीस, तवाच!”