एकही बरोबर नाही

"कलमं बघायला जाऊया," रावजीमामा म्हणाला, तेव्हाच महिपतला संशय यायला हवा होता. आंब्याची कलमं बघायला कोणी इस्त्रीचा कोट घालून जातं? पण चौतीस सालच्या त्या मार्गशीर्षात, नुकताच बी. एस्सी. होऊन मुंबईहून आलेला भाचा मुकाट्याने होडीत बसला. भाट्याची खाडी ओलांडून दोघे गंगारामतात्यांच्या ओटीवर टेकले, आणि पोह्यांची बशी घेऊन एक मुलगी समोर आली... तेव्हा त्याला सगळा बेत कळला.

"ही आमची मालन," तात्या म्हणाले. "मॅट्रिकला बसायचं म्हणत्ये. इंग्रजी शिकत्ये. विचारा काय ता. मला त्यातलं काय कळत नाय."

मामाने कोपराने ढोसलं. महिपतला शाळेतली क्रियापदं तेवढी आठवली.

"गो... भूतकाळ?"

"गोएड."

"ब्रेक?"

"ब्रुक."

"ईट? तिसरं रूप सांगा."

"ईटन्ट."

इंग्रजीचा गंध नसलेला मामा कौतुकाने मान डोलवत होता. महिपत मात्र तिच्या ओठांकडे बघत होता. प्रत्येक उत्तराआधी ते किंचित हलत – आवाज न करता – आणि मग चूक बाहेर येई.

त्याने आणखी विचारलं. एकही बरोबर नाही!

"आता कलमं दाखवा," तो उठत म्हणाला.

बागेत मोहराचा वास दाटला होता. मालन वाट दाखवत पुढे चालली. तात्या आणि मामा मागे रेंगाळले.

"तुम्ही मुद्दाम चुकलात," महिपत हळूच म्हणाला.

"मला येतच नाही."

"येत नसतं, तर एखादं तरी चुकून बरोबर आलं असतं. सगळीच चुकवायला सगळीच यावी लागतात."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोलिसात आहात?"

"रसायनशास्त्रात."

"तरीच. वास काढत फिरता."

तो हसला. ती नाही हसली.

"मागच्या स्थळाला सगळी बरोबर सांगितली होती," ती पान चुरगाळत म्हणाली. "ते म्हणाले, एवढं येतंय तर मॅट्रिक कशाला? माघातच उरकू. पत्रिका जुळली नाही, म्हणून वाचले. मार्चात परीक्षा आहे माझी... आता तुम्ही सांगणार ना तात्यांना?"

"सांगणार," महिपत म्हणाला.

तिचा चेहरा उतरला.

ओटीवर येताच तो म्हणाला, "तात्या, इंग्रजी फार कच्चं आहे हो. मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचं नावच काढू नका. कुणाशीच. परीक्षेनंतर तुमच्या मुलीची हरकत नसेल, तर मी स्वतः येऊन पुन्हा तपासेन."

मालन दारात थबकली. खरंच...? की ही याची आणखी एखादी परीक्षा?

पायरी उतरताना त्याने वळून विचारलं, "गो... भूतकाळ?"

या वेळी ओठ आधी हलले नाहीत. त्याच्या डोळ्यांत बघत ती स्पष्ट म्हणाली, "वेंट. तिसरं रूप गॉन."

"आता आला ना बरोबर?" तात्यांनी आशेने विचारलं.

"छे! साफ चुकलं."

मालन झटकन दाराआड झाली. बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी तोंडावर पदर दाबून हसत होतं.

होडीत बसताच मामाने त्याला पुन्हा कोपराने ढोसलं.

"मेल्या, खरं सांग. पोरगी नापास झाली, मग तू का हसतोयस?"