चंद्रभानकाकांची जोड

“मुंज्या, चपला बाहेर काढ!”

“कामून? आत देव हाय का?”

“देव न्हाई. धूळ चालत न्हाई त्या यंत्राला!” सत्यशीला कुजबुजली.

पंडितनं मामांच्या खुंटीवरून आणलेली किल्ली हळूच फिरवली आणि तिघं पोरं आत शिरली.

परभणीच्या त्या बियाणे नोंद केंद्रात जेवणाची सुट्टी झाली होती. साल १९७८, वैशाखाचं ऊन बाहेर रटरटत होतं. कूलरच्या गार खोलीत कपाटाएवढा कॉम्प्युटर आणि शेजारी टंकयंत्रासारखा कळांचा प्रिंटर, दोघंही रुसलेल्या सोयऱ्यांसारखे गप्प बसले होते. दहा दिवसांत एक अक्षर उमटलं नव्हतं.

त्याचं खापर फुटलं होतं सत्यशीलाच्या वडिलांवर. केंद्राचे वायरमन चंद्रभान यांनीच दोन्ही यंत्रांमधली केबल जोडली होती. “तुमच्या हातानं लाखमोलाचं यंत्र मुकं झालं!” असं म्हणून केंद्रप्रमुख तात्याराव साहेबांनी बदलीचा हुकूम काढला. जायचं केंद्राच्या ताडकळसच्या शेतावर, पंपांना तेल घालायला. उद्या सकाळची एसटी! सत्यशीलाची शाळा, मैत्रिणी, सगळं इथंच राहणार होतं.

“माझे बाबा चुकत नसतात,” ती म्हणाली. “त्यांनी आधी वेगळं जोडलं होतं. कुणीतरी चहाडी केली अन् साहेबांनी त्यांना सगळं सोडवायला लावलं. बाबा नाव सांगत न्हाईत. कोण होतं देव जाणे!”

पंडितनं मान खाली घातली. देव कशाला, तो स्वतःच जाणत होता.

तात्याराव साहेब त्याचे मामा. चंद्रभानकाका केबल जोडत होते तेव्हा तो मागं उभा होता. “मामा, बघा की! दोनची तार तीनला आणि तीनची दोनला! उलटे वायरमन!” सगळं ऑफिस हसलं होतं. शिपायापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते नाव बसलं. मामांनी पुस्तकातले आकडे दाखवले, “दोनला दोन, तीनला तीन!” आणि काकांनी चाचणी व्हायच्या आधीच मुकाट्यानं तारा सोडवून सरळ जोडल्या.

“वाच ना, पंडित! इंग्रजी तुलाच येतं!”

पंडितनं जाडजूड पुस्तक उघडलं. अडखळत, अर्थ लावत तो सांगू लागला, “पूर्वी ज्याची त्याची जोड निराळी असायची. एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या यंत्राला लागायचंच नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, प्लग एकसारखा, पंचवीस पिनांचा. दोन नंबरवरून यंत्र बोलणार, तीनवरून ऐकणार. सात नंबर दोघांना सामाईक.”

“मग बरोबरच हाय की!” मुंजाजी म्हणाला. “आकड्याला आकडा!”

“थांब. ह्या चित्रात मधी ही पेटी कसली?” सत्यशीलानं बोट ठेवलं.

“ती टेलिफोनची. लांबच्या गावी निरोप धाडायला. यंत्र दोनवर बोलतं, पेटी दोनवरच ऐकते.”

“अन् इथं पेटी कुठाय?”

तिघांनी खोलीभर पाहिलं. पेटी नव्हतीच! दोन यंत्रं थेट समोरासमोर होती.

सत्यशीला वाऱ्यासारखी बाहेर पळाली आणि पपईच्या पानांचे दोन लांब पोकळ देठ मोडून घेऊन आली. “मुंज्या, तोंड म्हंजे दोन, कान म्हंजे तीन. हा देठ तुझ्या दोनला, माझ्या दोनला. दुसरा तीनला तीन. आता बोल!”

दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

“थू! तुझी फुंकर माझ्या घशात गेली की!”

“अन् कानात काय आलं?”

“कानात? काय बी न्हाई!”

मग तिनं देठ फिरवले. तिच्या तोंडाचा मुंजाजीच्या कानाला, मुंजाजीच्या तोंडाचा तिच्या कानाला. आणि जात्यावरच्या सुरात हळूच म्हणाली,

*सांगावा धाडीते, कान दे रे भाऊराया*
*ऐकाया न्हाई कुनी, बोल माझा गेला वाया*

“आलं! ऐकू आलं! लय गोड!” मुंजाजी नाचायलाच लागला.

सत्यशीलाच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळलं. “दहा दिस दोघं एकाच तारेत बोलायलेत अन् दुसरीवर नुसते कान लावून बसलेत. बाबांचंच खरं होतं!”

पंडितनं यंत्रांचं बटण बंद केलं. खणात काकांची तारांना डाग द्यायची सोल्डरची सळई होती. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या सत्यशीलानं ती तापत ठेवून प्लग उघडला. दोनची तार तीनला, तीनची दोनला, सात जागच्या जागी. ती प्लगवर झाकण बसवते न बसवते तोच दारातून गर्जना झाली.

“कोण आहे रे तिकडे?”

तात्याराव साहेब! मुंजाजी टेबलाखाली शिरला.

“साहेब, एक अक्षर!” सत्यशीला आडवी आली. “एकच! न्हाई उमटलं तर आमी उद्या जायलावच की!”

साहेब काही बोलायच्या आत पंडितनं बटण सुरू केलं आणि प्रिंटरच्या कळपट्टीवरची एक कळ दाबली.

खट्!

अक्षर एका तारेनं कॉम्प्युटरकडे गेलं, त्यानं ते ऐकलं आणि दुसऱ्या तारेनं माघारी धाडलं. कागदावर इंग्रजी पी ठसठशीत उमटला!

“शाब्बास, पंडित! माझा भाचा शोभतोस!” मामांनी पाठ थोपटली. ती थाप त्याला चटक्यासारखी लागली.

“मी नाही, मामा. शोधलं सत्यशीलानं. आणि... चहाडी मी केली होती. ते नावही मीच ठेवलं.”

सत्यशीलानं त्याच्याकडे पाहिलं. “तू?” एवढंच म्हणाली.

चंद्रभानकाकांना घरून बोलावलं. सामानाची दोरी त्यांच्या हातातच राहिली होती.

“चंद्रभान, कसूर माझा,” साहेब म्हणाले. “पुस्तक मी अर्धंच वाचलं. हुकूम रद्द समजा.”

काकांनी आधी प्लग पाहिला. “सोल्डर जरा जाड झालंय पोरी. पण पक्कं हाय.”

“काका, मला माफ करा...” पंडित पुढं आला.

“तू लेकरू हाईस. माझी जोड बरोबर हाय, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी आवाज चढवला अन् मी गप बसलो. बरोबर ते माझ्याच हातानं सोडवलं. त्याचंच वाईट वाटतं.” ते साहेबांकडे वळले. “पण साहेब, मी जातोच. इथं दारात पाऊल टाकलं की माझ्याआधी ते नाव आत येतंय. ताडकळसला मी नुसता चंद्रभान.”

“मग आधी लिहून द्या, साहेब!” सत्यशीला म्हणाली. “यंत्रावरच!”

पंडितनं एकेक कळ दाबली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाक्य खटखटत उमटलं, चंद्रभान यांनी केलेली जोड बरोबर होती. खाली साहेबांनी सही केली. काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

सकाळी स्टँडवर साहेब स्वतः आले. “पोरी, तू केंद्राची लाज राखलीस!” असं सगळ्यांसमोर म्हणाले. मुंजाजी रडत रडत हसवत होता. एसटी सुरू झाली तेव्हा पंडित खिडकीशी आला.

“दिवाळीच्या सुट्टीत येशील?”

सत्यशीला खिडकीतून वाकली. “ते आत्ता सांगत न्हाई. पण तू ये ताडकळसला. बाबांच्या हाताखाली आणखी एक जण लागंल.”

पंडितला ‘येतो’ म्हणायचं होतं. मागं धावत तो ते म्हणाला, तोवर एसटी वळणाआड गेली होती.