बावन्न पावलांचं मैदान

“दुसऱ्याच्या मैदानावर फक्की मारायला कोणी येतं का रे?” दर्शनाने विचारलं.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. धसईच्या मैदानाच्या बांधावर दर्शना, प्रणय आणि बारकी ही सातवीतली तिघं बसली होती. समोर शहरातल्या कॉलेजचा कोच पावलं मोजत होता आणि त्याचा एक खेळाडू पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत होता. दहा वाजता ह्याच शहरवाल्यांशी आपल्या कॉलेजचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. गेल्या वर्षी त्यांनी पाच गोल मारले आणि जाताना आपल्या पोरांना ‘भातवाले’ म्हणून चिडवलं. एक नंबरची माजोरडी टोळी.

आपल्याकडे हुकमी खेळाडू एकच, बारकीचा भाऊ लखमा. मैदानाच्या कडेने तो सुसाट सुटला की बचाववाले बघत राहायचे. आज जिंकलो तर प्राचार्य त्याला होस्टेलवर ठेवून घेणार होते. हरलो तर तो आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणार आणि कॉलेज सुटणार.

“रेघ आत आलीय,” बारकी म्हणाली. “दादा रोज त्या दगडापासनं पळतो. दगड भायेर गेला.”

पलीकडेही तेच. मैदान दोन्हीकडून आवळलं होतं. कडेला जागाच नसेल तर लखमा पळणार कुठून?

तिघं क्रीडाशिक्षक हेमंत सरांकडे धावली. सर मंडपात खुर्च्या पुसत होते.

“पाहुण्यांना जवळून दिसावं म्हणून मंडप आत घेतलाय,” सर म्हणाले. “त्यांच्या कोचनीच सुचवलं. रेघाही तेच मारतायत. किती मदत करतात बघा.”

“आनि तुमी मारू दिल्या?” बारकीने विचारलं.

“उलट बोलू नकोस. पळा इथून.”

प्रणयचं डोकं भडकलं. तो रेघ पुसायलाच निघाला. दर्शनाने त्याची कॉलर धरली. “पुसलीस तर आपणच चोर ठरू. त्या कोचच्याच तोंडून वदवते, थांब.”

पंच मैदानात आले आणि कोचशी बोलत उभे राहिले. दर्शना गोड हसत तिथे गेली.

“सर, रेघा तुम्ही मारल्यात? काय सरळ आल्यात हो! आमच्या सरांना नाही असं जमत.”

कोच फुलला. “मोजून मारल्यात, बाळ. रुंदी बरोबर बावन्न पावलं.”

“बावन्नच? कमी वाटतात,” पंच गर्रकन वळले. “टेप आणा.”

टेप धरायला प्रणय आणि बारकी तयारच होती. रुंदी चाळीस मीटर भरली.

“पंचेचाळीसच्या आत चालत नाही,” पंच म्हणाले. “जुन्या खुणांवर रेघा घ्या, नाहीतर सामना होणार नाही.”

“यांच्याच सरांची परवानगी होती,” कोचने हात झटकले. हेमंत सरांचा चेहरा पडला. बरं झालं! मंडप काढून टाकावा लागला आणि पाहुणे उन्हात बसले.

शहरवाल्यांनी मग कोपरं मारली, शर्ट ओढले, लखमाचा गुडघा फोडला. तरी त्याला कडेची वाट मोकळी मिळाली होती. शेवटच्या मिनिटाला तो त्याच वाटेने सुटला आणि आपण दोन-एकने जिंकलो.

“शाबास! तुम्ही होतात म्हणून,” हेमंत सर मान खाली घालून तिघांना म्हणाले. प्राचार्यांनीही बारकीची पाठ थोपटली. “काय बक्षीस देऊ?”

बारकीने वहीचा कागद टर्रकन फाडून पुढे केला.

“दादाच्या होस्टेलचं लिवून द्या. मोठी माणसं नुसती बोलतात.”

प्राचार्यांनी खिशातून पेन काढलं.