पाल्याचा वास

ओढ्यात जाळं धरून बाई रोइ कोळंबी गोळा करत होती. पाठीला झोळीत चार महिन्यांची रोइ. लेक झाल्यापासून हेच तिचं नाव, बाई रोइ, म्हणजे रोइची आई. तेवढ्यात कुळाच्या मोठ्या घरातून लाकडी ढोल घुमले. ठोके ओळखताच जाळं टाकून ती पळत सुटली. जोजा मिळाली होती! नदीच्या वरच्या अंगाचं रान कापलं गेल्यापासून ते काळं, पानखाऊ माकड दोन वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं.

घरात नुसती झुंबड. म्हातारे पोरांसारखे एकमेकांना तोडून बोलत होते. त्या गलक्यात नवऱ्याचं, अमान रोइचं म्हणजे रोइच्या बापाचं, नाव कानी आलं तशी ती थबकली. मूल अंगावर पितंय तोवर बापाने शिकार करायची नसते. तो ओशाळं हसला. म्हणाला, धनुष्याला हात लावला नाही, फांदीआडची फक्त दाखवली.

"बोटाने का माकड मरतं, पोरी?" आजेसासरा तेउ केरेब म्हणाला. "तसं असतं तर मी एव्हाना सगळं रान खाऊन बसलो असतो."

सगळे हसले, तीही हसली. पण जोजाची ती मादी सोलताना तिच्या छातीतून दूध आलं, तेव्हा हसू थांबलं.

रिवाजाप्रमाणे कवटी पाल्याने सजवून तुळईला टांगली. तेउने कवटीला हळूच सांगितलं, तुझ्या माणसांना इकडे बोलाव.

दुसऱ्या दिवसापासून रोइ पिईना. ताप नाही, रडणं नाही. बाई रोइची छाती दगड झाली. लेकीच्या तोंडाला चुरगळलेल्या पाल्याचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी तिने तोंडातून बोट फिरवलं, तर ते हिरवं निघालं. रोइला अजून एकही दात नव्हता.

इकडे रानातली जोजाची हाक रोज पहाटे जवळ येत होती. पुरुषांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. बाणांना विष लागत होतं.

चौथ्या सकाळी अंगणातल्या झाडावर नर आला. पोटाशी फिकट पिल्लू. पिल्लू बारीक ओरडलं आणि झोळीतून रोइने ओ दिली. त्याच आवाजात.

धनुष्यं ताणली गेली. बाई रोइ आडवी आली.

"आजा, कवटी उतरवा."

"उतरवली तर जोजा जाईल. परत कधी येणार, बाई?"

"माझी पोर जातेय, आजा."

अमान रोइ घरात तुळईवर चढला. कवटी सोडवून त्याने झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

नर वळला. पिल्लाला आता नराची लव धरता येत नव्हती. ते घसरत होतं, त्याला एका हाताने सावरावं लागत होतं. जाताना पिल्लू बाई रोइकडे टक लावून बघत राहिलं.

फांद्या हलल्या. मग रान गप्प झालं.

तिने रोइला छातीशी घेतलं. रोइ प्यायली. अधाशासारखी, घटाघटा. दूध हनुवटीवरून ओघळलं. बाई रोइ हसत होती, रडत होती, नवऱ्याला बोलावत होती.

मग कमरेशी काहीतरी रुतलं. तिने खाली पाहिलं.

रोइच्या दोन्ही पायांच्या बोटांनी तिची कातडी घट्ट आवळून धरली होती. खाली जमीन फार दूर असावी, तशी.