कन्नडला सोडायची सवारी

तो मोबाइल ठेव बाजूला, सुयश. मोनिका, तू पण बस. राजेंद्र जीपवाल्यावर गुदरलेलं सांगतो. त्यात माझाही दोष हाय.

मागच्या कार्तिकातली अमावस्या, गुरुवार. रात्रीचे साडेनऊ. पिशोरहून कन्नडला एक सवारी सोडायची, एवढंच काम. सवारी म्हणजे मंजुषा, आपल्या गावची लेक. नवऱ्यानं हात मोडला म्हणून तिसऱ्यांदा माहेरी आलेली. संध्याकाळी आम्ही चार शहाणे बसलो. म्हणालो, "नांदायला जा, घरोघरी असंच असतं."

"तात्या, तो मला मारून टाकील," ती मला म्हणाली.

मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

नवऱ्याचा फोन आला, आजच्या आज पाठवा. अमावस्येला लेक पाठवत नाहीत, तेही कुणाला आठवलं नाय. बाप तोंड लपवून घरात बसला.

राजेंद्र निघाला. मागं ती एकटी. गाव सुटलं, उसाचे फड लागले, अन् त्यानं आरशात पाहिलं.

मागं दोघी होत्या.

"मंजुषा, सोबत कोण गं?"

"कोणी नाय, दादा."

त्यानं मान वळवली. एकटीच. आरशात पाहिलं... दोघी. दुसरीचा पदर तोंडावर ओढलेला. मंजुषाचा मोडका हात तिनं मांडीवर घेतलेला.

रॉकेलचा वास आला. जीप तर डिझेलची.

"राजेंद्र..."

आवाज ओळखीचा. दगडाबाई. बारा वर्षांमागं सासरी जळून मेलेली. स्टोव्ह भडकला म्हणाले, आम्ही माना डोलावल्या. तिलाही असंच समजावून धाडलं होतं. याच जीपनं. यानंच.

"मला सोडलंस..."

नुसतं इंजिन वाजत होतं.

"हिला पण...?"

पदर सरकला. तोंड... नाय. ते तो सांगत नाय.

त्यानं जीप वळवली. थेट संभाजीनगर. आरशाकडं न बघता. बारा वाजता, मार खाल्लेल्या बायकांना आसरा देतात त्या केंद्राचं दार वाजवलं. तिथल्या अमिनाबाईंनी मंजुषाला आत घेतलं, पाणी दिलं. विचारलं, "तुला काय पाहिजे, बेटा?"

तेव्हा ती रडली म्हणे. आमच्यातल्या एकानंही तिला ते विचारलं नव्हतं.

आता ती गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला हाय. केस चालू हाय. चालू म्हणजे काय, नुसत्या तारखा. नवरा मोकळा फिरतोय. अन् परवा गावात परत बैठक बसली, दुसऱ्या लेकीची! मी लई ओरडलो. म्हणाले, तात्या म्हातारा झाला. राजेंद्रनं सवारी न्यायला नाय म्हटलं. व्हय, तर त्यांनी दुसरी जीप बोलावली.

भूत खोटं वाटतं तुम्हाला? जा, राजेंद्रच्या जीपची मागची सीट बघून या. मंजुषा बसली होती, तिच्या शेजारचं रेक्झिन आक्रसून गेलंय. बसल्या बाईएवढंच. मंजुषाच्या साडीला डाग नव्हता. राजेंद्रनं दोनदा नवं बसवलं. दोन्ही वेळा, सकाळी तसंच.

आज संध्याकाळी मी हात लावून पाहिला...

कोमट होतं.